फसलेला पोरगा लोभी नसतो: नोकरीच्या नावाने चालणारी लूट आणि माहितीची जात

नोकरीच्या नावाने कुणी फसलं की आपल्या समाजात पहिला प्रश्न फसलेल्यालाच विचारला जातो. ‘एवढंही कळलं नाही का?’ मग पोलिसांचं पोस्टर येतं, बँकेचा मेसेज येतो, वर्तमानपत्रात चौकट येते. सगळीकडे उपदेश एकच: लालूच दाखवली तर भुलू नका. म्हणजे गुन्ह्याचं मूळ कुठे आहे? तर फसलेल्याच्या लोभात. ठग हा पावसासारखा, तो येणारच. छत्री विसरली ती तुमची चूक.

या मांडणीलाच माझा विरोध आहे. लोभ हा शब्द इथे कुणासाठी वापरला जातो ते बघा. महिना बारा-पंधरा हजारांची नोकरी मिळावी म्हणून आईचं मंगळसूत्र गहाण टाकणारा पोरगा लोभी ठरतो. आणि बापाच्या ओळखीने कंपनीत चिकटणारा? त्याला ‘वेल कनेक्टेड’ म्हणतात.

मी जयपूरमध्ये समाजशास्त्रात पीएचडी करते. मूळची मराठवाड्यातली. गोपालपुरा बायपासच्या कोचिंग क्लासेसच्या पट्ट्यात सरकारी भरतीची तयारी करणारी दलित, आदिवासी आणि भटक्या समाजातली मुलं-मुली हा माझ्या अभ्यासाचा विषय. पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिका असतात तशा इथे ‘लायब्ररी’ असतात. पुस्तकं जवळपास नाहीतच. खुर्ची, दिवा, पंखा आणि वायफाय महिन्याच्या भाड्याने मिळतं. अलवर, दौसा, करौली, बारमेरहून आलेली पोरं तिथे पहाटेपासून बसतात. २०२५ साली राजस्थानात चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या ५३,७४९ जागांसाठी २४ लाखांहून जास्त अर्ज आले. हे अर्जदार शिपायाची नोकरी मागत होते. यात लोभ कुठे दिसतो?

एक फोन करता येईल असा माणूस

समाजशास्त्रात मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा एक लेख प्रसिद्ध आहे. नोकरीची बातमी माणसाला बऱ्याचदा जवळच्या नातलगांकडून मिळत नाही, ती लांबच्या, सैल ओळखींमधून मिळते, असं त्यात मांडलं आहे. आपल्या देशात या सैल ओळखी कुणाकडे असतात? अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७ मध्ये विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या दलित आणि सवर्ण विद्यार्थ्यांच्या नोकरीच्या शोधाचा अभ्यास मांडला. पदवी सारखीच, पण घरच्या ओळखी आणि कौटुंबिक पार्श्वभूमी यांचा फरक थेट नोकरीपर्यंत पोहोचतो, हे त्यातून दिसलं. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी दाखवलं की सारख्याच पात्रतेचा अर्ज दलित आडनावाने गेला की मुलाखतीचं बोलावणं कमी येतं.

यात मला एक गोष्ट जोडायची आहे. ओळखी फक्त नोकरी मिळवून देत नाहीत, त्या फसवणूकही टाळतात. सवर्ण मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला रेल्वेचं बनावट नियुक्तीपत्र आलं तर काय होतं? त्याचा काका रेल्वेत असतो, नाहीतर काकाचा मित्र असतो. एक फोन जातो आणि दोन मिनिटांत निकाल लागतो: ‘फेक आहे रे, असं पत्र आमच्याकडून निघतच नाही.’ या मुलाला आपण हुशार म्हणतो. प्रत्यक्षात हुशार असतो तो त्याचा काका, आणि तो काका तिथे बसलाय पिढ्यान्‌पिढ्यांच्या जातीच्या वारशामुळे.

वस्तीतल्या मुलाकडे तो फोन नाही. त्याच्या घरातल्या कुणीच नियुक्तीपत्र पाहिलेलं नाही. खरंही नाही आणि खोटंही नाही. मग खोटं ओळखायचं कशावरून?

२०२२ साली तामिळनाडूतल्या २८ जणांना रेल्वेत टीटीई, क्लार्क अशा नोकऱ्या देतो म्हणून दिल्लीत आणलं गेलं. सगळ्यांचे मिळून २ कोटी ६७ लाख रुपये घेतले. मग ‘ट्रेनिंग’ म्हणून नवी दिल्ली स्टेशनवर उभं करून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायला लावले. रोज आठ तास, जवळपास महिनाभर. बातमी आली तेव्हा सोशल मीडियावर लोक पोट धरून हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. सरकारी काम आतून कसं चालतं हे ज्याने कधी पाहिलं नाही, त्याला गाड्या मोजणं हेही काम वाटू शकतं. सरकारी नोकरी आतून पाहिलेली असणं हीच या देशात एक मालमत्ता आहे आणि तिचं वाटप जातीने झालेलं आहे.

ठग आणि सरकार सारखेच वागतात तेव्हा

सावधगिरीच्या याद्या वाचा. नोकरीसाठी आधी पैसे मागितले तर सावध व्हा. तारीख पुन्हापुन्हा पुढे ढकलली तर सावध व्हा. फोन उचलला नाही, उत्तर दिलं नाही तर सावध व्हा.

आता मला सांगा, यातलं काय सरकार करत नाही?

महाराष्ट्रात २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज १० लाखांच्या वर. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीव प्रवर्गाला ९००. सामाजिक न्यायाची किंमत शंभर रुपये! सगळ्यांनी फक्त ९०० भरले असं धरलं तरी रक्कम ९० कोटींच्या घरात जाते. बेरोजगारांच्या खिशातून. राजस्थानने २०२३ मध्ये एकदाच नोंदणी शुल्क घेण्याची पद्धत आणली, खुल्यांना ६०० आणि राखीवांना ४००. तुलनेने बरं. पण नोकरी मागण्यासाठी पैसे भरायचे ही सवय दोन्ही सरकारांनीच लावलेली आहे. ठग फक्त त्या सवयीवर धंदा करतो.

तारखांचं आणि रद्द होण्याचं बोलायचं तर जयपूर हे त्याचं माहेरघर. २६ सप्टेंबर २०२१ ला शिक्षक पात्रतेची ‘रीट’ परीक्षा झाली. पेपर फुटला तो याच शहरातल्या शिक्षा संकुलातून, म्हणजे शिक्षण खात्याच्या घरातून. फेब्रुवारी २०२२ मध्ये लेव्हल दोनची परीक्षा रद्द झाली. त्याच सप्टेंबरात सब-इन्स्पेक्टरच्या ८५९ जागांची परीक्षा झाली. पुढे प्रशिक्षण घेत असलेल्या फौजदारांनाच अटक करायची वेळ आली. राजस्थान लोकसेवा आयोगाच्या एका माजी सदस्याला स्वतःच्या मुलाला आणि मुलीला पेपर पुरवल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०२४ मध्ये अटक झाली. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या एका भरतीच्या पेपरफुटीत आयोगाचा विद्यमान सदस्य पकडला गेला होता. २८ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाने ती फौजदार भरती रद्द ठरवली आणि प्रकरण पुढे खंडपीठात, सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्या न्यायालयाच्या आवारात आजही मनूचा पुतळा उभा आहे, तिथे चार वर्षांनी हा निकाल आला. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलीची ती चार वर्षं कोण परत देणार? वयोमर्यादा तर थांबत नाही.

आपल्या महाराष्ट्राने नाक मुरडायचं कारण नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात आरोग्य विभागाचे गट क आणि गट ड चे पेपर फुटले. १२ डिसेंबरची म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली. पोरं एसटीत बसून निघालेली होती. त्याच महिन्यात टीईटी घोटाळ्यात परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली. पैसे देऊन पात्र ठरलेले सात हजारांहून जास्त उमेदवार नंतर अपात्र केले गेले.

आता विचार करा. ज्या पोराने हे सगळं बघितलंय, त्याला दलाल येऊन सांगतो, ‘अरे, सगळं सेटिंगनेच होतं, तू कशाला मरतोस?’ त्याने हे खोटं का मानावं? दलालाच्या बोलण्यातला ९० टक्के भाग खरा असतो. खोटं एवढंच असतं की सेटिंग त्याच्या हातात आहे. ठगाचा धंदा विश्वासावर चालतो म्हणतात. मला वाटतं, तो सरकारवरच्या अविश्वासावर चालतो, आणि तो अविश्वास सरकारने स्वतः कमावलेला आहे.

झाडूसुद्धा सोडला नाही

राजस्थानातली सफाई कर्मचारी भरती बघा. शतकानुशतकं वाल्मीकी समाजावर लादलेलं हे काम. कायम नोकरी, पगार, पेन्शन नव्हतं तोवर त्यावर कुणी हक्क सांगितला नाही. २०१८ मध्ये २१ हजारांहून जास्त कायम जागा सोडतीने भरल्या गेल्या, तेव्हा इतर जातींचे लोकही आले. येऊ देत, काम जातीचं नसावं हेच तर आपलं म्हणणं. पण वाल्मीकी संघटनांची तक्रार अशी की यातले अनेकजण पगार सफाई कामगाराचा घेतात आणि बसतात कार्यालयात. गटारापाशी पुन्हा वाल्मीकीच. पुढे २०२४ मध्ये २४ हजारांच्या आसपास जागांसाठी जाहिरात निघाली, त्यात एक वर्षाच्या अनुभवाचा दाखला मागितला. जी बाई दहा वर्षं ठेकेदाराकडे झाडू मारतेय, तिचं नाव ठेकेदाराच्या कागदावरच नाही, तिला दाखला कोण देणार? आणि ज्याने कधी झाडू हातात धरला नाही तो दाखला विकत घेऊ शकतो. जयपूरच्या सफाई कामगारांनी त्या वर्षी संप केला. बनावट दाखल्यांच्या तक्रारी झाल्या आणि भरती पुन्हा मागे घेतली गेली.

फसवणूक नेमकी कुणी केली इथे? बनावट दाखला विकणाऱ्याने, की दहा वर्षांचं काम कागदावर येऊच न देणाऱ्या ठेकेदारी पद्धतीने? पहिल्यावर एफआयआर होतो, दुसऱ्याला टेंडर मिळतं.

‘जय भीम’ म्हणत येणारा दलाल

‘यात जात कशाला आणता? फसवणूक सगळ्यांचीच होते,’ असं मला सेमिनारमध्ये ऐकवलं जातं. होते ना. पूर सगळ्या गावात येतो, पण आधी बुडते ती नदीकाठची वस्ती. पैसे गेल्यावर एकाला बाप रागावतो, दुसऱ्याच्या बहिणीचं शिक्षण सुटतं. एकाची तक्रार ठाण्यात लिहून घेतात, दुसऱ्याला ‘तूच लाच दिलीस, तुलाच आत टाकू’ म्हणून हाकलतात.

पण या प्रश्नाला एक अवघड बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. मुलाखतींमध्ये मला वारंवार दिसलं की पहिला माणूस, म्हणजे पोराला दलालापर्यंत नेणारा, बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. गावचा, जातीचा, भावकीतला. गाडीवर निळा झेंडा, बोलण्यात बाबासाहेब. ‘आपली पोरं वर गेली पाहिजेत,’ म्हणतो. ‘बॅकलॉगच्या जागा आहेत, बाहेर सांगू नको,’ म्हणतो. बॅकलॉग खरोखर असतो, म्हणून हे वाक्य चालतं. सरकार अनुशेष भरत नाही आणि दलाल त्याच अनुशेषाची स्वप्नं विकतो. ज्या समाजाला बाहेर कुणावर भरवसा ठेवता येत नाही, तिथे आतल्या भरवशाचाच बाजार होतो. अशा माणसाला ‘आपला आहे’ म्हणून झाकायचं नाही. चळवळीचा शब्द वापरून आपल्याच घरातलं सोनं नेणारा आपला नसतो.

मग ओळखायचं कसं?

सरकार आणि ठग सारखे वागत असतील तर खूण कोणती? मला मुलाखतींतून आणि प्रकरणांतून दिसलेल्या खुणा सांगते. लहान भावंडांना वाचून दाखवा.

पैसा कुठे जातो ते बघा. सरकारी शुल्क, कितीही अन्यायकारक असलं तरी, अधिकृत पोर्टलवर भरलं जातं आणि अर्ज क्रमांकासह पावती मिळते. ते कधीच कुणा माणसाच्या खात्यात, फोनपे नंबरवर किंवा पावतीशिवाय रोख जात नाही. ‘सिक्युरिटी डिपॉझिट’, ‘फाइल चार्ज’, ‘मेडिकलचे पैसे’, ‘लॅपटॉपचं डिपॉझिट’ अशी नावं आली की तिथेच थांबा. पगार देणारा आधी पैसे मागत नाही.

जाहिरात क्रमांक मागा आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका. सरकारी पत्ता सहसा शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा संपतो. नावात ‘राष्ट्रीय’, ‘मिशन’, ‘अभियान’ आणि वर अशोकस्तंभ असला म्हणून काही सरकारी होत नाही. परीक्षा नाही, यादी नाही, थेट नियुक्तीपत्र, असं सरकारी नोकरीत होत नाही.

मूळ मार्कशीट आणि जातीचा दाखला कुणाच्याही ताब्यात देऊ नका. पडताळणीला मूळ कागद दाखवतात, ठेवून घेत नाहीत. ठेवून घेणारा माणूस उद्या त्यावर खंडणी मागतो.

घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम देऊन आठवड्याने ‘अॅक्युरसी कमी आली, करार मोडला, पन्नास हजार भरा नाहीतर अटक’ अशी वकिलाची नोटीस येते. घाबरू नका. करारभंग हा दिवाणी मामला असतो, त्यात कुणी व्हॉट्सअॅपवरून अटक करत नाही. केस खरी असेल तर तिला क्रमांक असतो आणि तो ई-कोर्ट्सवर सापडतो.

टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे, हॉटेलांना रेटिंग द्यायचं आणि पहिले शे-दोनशे रुपये खरंच खात्यात येणं, हे आमिष असतं. पुढचं ‘टास्क’ पैसे भरून करायला सांगतात, आणि गेलेले पैसे सोडवायला आणखी पैसे.

सगळ्यात घातक नोकरी म्हणजे ‘तुझं बँक खातं वापरू दे, महिन्याला कमिशन घे.’ हे म्यूल अकाउंट. दुसऱ्यांचे लुटलेले पैसे तुमच्या खात्यातून फिरतात. पोलीस आधी खात्याच्या नावापर्यंत पोहोचतात, म्हणजे तुमच्यापर्यंत. खरा ठग कुठेतरी दूर बसलेला असतो आणि आरोपी म्हणून फोटो येतो वस्तीतल्या पोराचा. पासबुक, एटीएम, सिम कुणालाही द्यायचं नाही, भावकीतल्या माणसालाही नाही.

परदेशाचं काम असेल तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का बघा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जयपूर आणि मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय आहे, तिथे विचारता येतं. टुरिस्ट व्हिसावर नोकरी म्हणजे सापळा. थायलंडमध्ये काम सांगून म्यानमारच्या सायबर छावण्यांत नेलेल्या ५४९ भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून परत आणलं. तिथे त्यांच्याकडून इतरांना फसवण्याचं काम करून घेतलं जात होतं.

आणि पैसे गेलेच तर लाजू नका. लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर, तितकी पैसे गोठवण्याची शक्यता जास्त. स्क्रीनशॉट, नंबर, पावत्या पुसू नका. लोकसेवकाने लाच द्यायला भाग पाडलं असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत विभागाला कळवणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिलं आहे, हेही ठाण्यात ठामपणे सांगा.

माहिती ही मेहेरबानी नाही

पण एवढ्यावर थांबले तर माझा लेखही त्याच पोस्टरसारखा होईल, सगळा भार पुन्हा पोरांच्याच खांद्यावर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम सदस्य होते. १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. त्यांच्याच श्रम खात्याच्या काळात सरकारी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची व्यवस्था उभी राहिली. नोकरी हवी असलेल्याने एका फुकट, सार्वजनिक खिडकीवर नाव नोंदवायचं, आणि जागा असलेल्याने तिथेच कळवायचं. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांवरही रिक्त जागा कळवण्याचं बंधन घातलं. यातला विचार साधा पण मुळावर घाव घालणारा होता: कुठे जागा आहे ही माहिती कुणाच्या काकाच्या खिशात असता कामा नये. ती व्यवस्था आपण मरू दिली. ती खिडकी बंद पडली आणि तिच्या जागी कोचिंगवाला, एजंट आणि टेलिग्राम चॅनल येऊन बसले.

सरकारांनी कायदे केले नाहीत असं नाही. राजस्थानने २०२२ मध्ये पेपरफुटीविरोधी कायदा केला, २०२३ मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा वाढवली. केंद्राचा कायदा जून २०२४ पासून लागू आहे, एक कोटीच्या दंडासह. शिक्षा वाढल्या. पण रद्द झालेल्या परीक्षेचा भार सोसणाऱ्या मुलीला त्यातून काय मिळालं?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांना भरती शुल्क शून्य. सरकारच्या चुकीने परीक्षा रद्द झाली तर प्रवासखर्च आणि वयात सवलत, दोन्ही. प्रत्येक विभागाची रिक्त पदं आणि अनुशेष, प्रवर्गासह, दर तीन महिन्यांनी एकाच ठिकाणी जाहीर. बॅकलॉग उघड्यावर आला की ‘बाहेर सांगू नको’ म्हणणाऱ्याचं दुकान आपोआप बसतं. ठेकेदाराकडच्या सफाई कामगाराला कामाचा दाखला देणं टेंडरची अट. आणि तालुक्याच्या ठिकाणी एक खिडकी, जिथे कुणीही नियुक्तीपत्र घेऊन जाईल आणि खरं की खोटं हे लेखी उत्तर मिळेल.

तोवर ती खिडकी आपण उघडू शकतो. आपल्या समाजात आता पहिल्या-दुसऱ्या पिढीचे क्लार्क आहेत, शिक्षक आहेत, रेल्वेत, बँकेत, कोर्टात लोक आहेत. १४ एप्रिलला वर्गणी देऊन त्यांचं कर्तव्य संपत नाही. बुद्धविहारात, समाजमंदिरात, वसतिगृहात रविवारी दोन तास बसा. पोरं कागद घेऊन येतील, वाचून द्या. एखाद्या वस्तीच्या भिंतीवर दहा नोकरदारांचे नंबर त्यांच्या संमतीने लिहिले तरी तिथल्या पोरांना पहिल्यांदाच विचारायला माणूस मिळेल.

सवर्णांच्या पोरांना जो काका जन्माने मिळतो, तो आपल्या पोरांसाठी संघटनेने उभा करावा लागेल. ‘शिका’ आणि ‘संघटित व्हा’ यांच्या मधलं हे काम आहे, आणि ते फार दिवस पडून राहिलंय.

जय भीम.